साक्षीदाराला शिक्षा

आमच्या आत्यांना ओंकारेश्वरी न्यायचे, हे आम्ही गेल्या श्रावणापासून कबूल करून बसलो होतो. आत्यांचे वय ८१. पुढच्या वर्षावर हवाला ठेवावा असे ते वय नव्हे. अखेर दिवस ठरला, आणि इंदूर सोडून सिमरोल येते न येते तोच गाडीच्या समोरच्या फळीवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा उजळला. पुढे भेरूघाट, मागच्या बैठकीवर आत्या, आणि हा दिवा! आम्ही गाडी परत फिरवली. आत्या काही बोलल्या नाहीत. मांडीवरचा फुलांचा पुडा तेवढा त्यांनी पिशवीत ठेवला.

परत फिरण्याचे कारण नव्हते, हे आम्हांस मागाहून कळले. दिवा स्थिर असेल, इंजिन नेहमीसारखे चालत असेल आणि तेलाची वा तापमानाची तांबडी खूण नसेल, तर बेताने गाडी हाकीत मुक्काम गाठता येतो व मग सवडीने तपासणी करता येते. लुकलुकणाऱ्या दिव्याची गोष्ट मात्र निराळी. त्या वेळी एखाद्या सिलिंडरातला जाळ चुकत असतो, न जळलेले पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते, आणि ते महागडे यंत्र काही मिनिटांत निकामी होऊ शकते. तेव्हा वेग उतरवून थांबावे हेच खरे.

दुसऱ्या दिवशी एका कारखान्यात गाडी नेली. तेथील तरुणाने स्कॅनर जोडला, 'पी ०१७१' हा आकडा वाचला, आणि ऑक्सिजन सेन्सर गेला असा निकाल दिला. आम्ही मान डोलावली व काही हजार रुपये मोजले. दिवा विझला. पाचव्या दिवशी तो पुन्हा लागला. आकडा तोच!

आता हा सेन्सर करतो काय, ते वाचकांनी थोडे समजून घ्यावे. धुराच्या नळीत बसवलेला हा झिर्कोनियाच्या चिनी मातीचा, प्लॅटिनमचा मुलामा दिलेला बोटाएवढा तुकडा. तो तापला की आतल्या धुरातील आणि बाहेरच्या हवेतील ऑक्सिजनच्या फरकावरून वीज निर्माण करतो. धुरात ऑक्सिजन फार असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट, अगदी थोडा असेल तर सुमारे ०.९. (अलीकडच्या कित्येक गाड्यांत पुढचा सेन्सर निराळ्या जातीचा असतो, पण काम तेच.) एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, हे वजनाचे प्रमाण साधावे म्हणून गाडीचा संगणक या विजेकडे पाहून क्षणोक्षणी पेट्रोल कमीअधिक करतो. १९७६ साली व्हॉल्व्होने कॅलिफोर्नियासाठी केलेल्या गाड्यांत तो प्रथम आला.

यातली मेख अशी की, सेन्सरला पेट्रोल दिसतच नाही. त्याला दिसतो फक्त ऑक्सिजन. एखाद्या प्लगची ठिणगी चुकली तर न वापरलेला ऑक्सिजन धुरात येतो, आणि हा बिचारा 'पेट्रोल कमी पडते' असे सांगतो. सेन्सरच्या अलीकडे धुराच्या नळीला चीर असली, तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन हेच घडते. 'पी ०१७१' चा अर्थ 'मिश्रणात पेट्रोल कमी' एवढाच. सेन्सर बिघडला असे तो आकडा म्हणत नाही. आम्ही ज्याला बदलला तो खरे बोलणारा साक्षीदार होता.

मग आम्ही आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. फियाटचे कार्ब्युरेटर कानाने लावण्यात त्यांचे आयुष्य गेले. पण स्कॅनर त्यांच्याहीपाशी होता, आणि त्यांनी त्यातला आकडा नव्हे, आकड्यामागचा हिशेब पाहिला. इंजिन उभ्या गतीवर असताना संगणक २२ टक्के जादा पेट्रोल देत होता. २५०० फेऱ्यांवर ती भर ४ टक्क्यांवर उतरली. मिस्त्री हसले. आमच्या गाडीत आत जाणारी हवा मोजून घेतली जाते. त्या मापाच्या पुढे कुठे तरी चोरवाट आहे, असे ते म्हणाले. उभ्या गतीवर इंजिन अल्पच हवा घेते आणि आतली ओढ जबर असते, म्हणून चोरीची हवा तेव्हाच जास्त भरते. पंपच दुबळा असता तर उलट वेगावर पेट्रोल अपुरे पडले असते. त्यांनी एक रबरी नळी बोटांनी दाबली, आणि इंजिनाचा सूर बदलला. नळीच्या खालच्या बाजूस, जिथे नजर पोचत नाही, तिथे बोटभर चीर होती.

सेन्सर कधी दोषी नसतोच, असे मात्र नव्हे. 'पी ०१३५' आला तर त्याला तापवणाऱ्या तारेचे मंडल तुटलेले असते. तिथेही आधी फ्यूज आणि जोडणी पाहावी. 'पी ०४२०' आला तर बोट कन्व्हर्टरकडे असते. त्याच्या मागचा सेन्सर पुढच्यासारखाच वरखाली नाचू लागला म्हणजे कन्व्हर्टर थकला. आणि आकडा लिहून घेतल्यावाचून कोणी बॅटरीची तार काढून दिवा विझवू लागला, तर त्याला थांबवावे. पुरावाच पुसला जातो. आमच्या एका स्नेह्याने दिव्यावर काळी पट्टी चिकटवली आहे. त्यांच्याविषयी आम्ही काही लिहीत नाही, ते या मासिकाचे वर्गणीदार आहेत.

नळीचे पैसे मिस्त्रींनी इतके थोडे घेतले की देताना आम्हीच ओशाळलो.

पुढच्या सोमवारी पुन्हा निघालो. सिमरोल आले तशा आत्या पुढे वाकल्या आणि आमच्या खांद्यावरून त्या फळीकडे पाहू लागल्या. घाट उतरला, बडवाह मागे पडले. मोरटक्क्याच्या पुलावर खाली नर्मदा दिसली, तेव्हा कुठे त्या मागे टेकून बसल्या आणि त्यांनी पिशवीतून फुलांचा पुडा काढला.