अमेरिकेत लेखनाची पदवी घ्यायचीय? युनिव्हर्सिटीच्या नावाआधी एक प्रश्न विचारा: पैसे कोण देणार?

दया पवारांचं ‘बलुतं’ किंवा अनिल अवचटांचे रिपोर्ताज आठवा. सगळं खरं घडलेलं, पण वाचताना कथेसारखं धरून ठेवणारं. इंग्रजीत अशा लेखनाला ‘क्रिएटिव्ह नॉनफिक्शन’ म्हणतात आणि अमेरिकेत त्यात एमएफए, म्हणजे मास्टर ऑफ फाइन आर्ट्स ही पदव्युत्तर पदवी घेता येते. (अवचट शिक्षणाने डॉक्टर होते आणि या पदवीवाचून त्यांचं काही अडलं नाही, हा भाग वेगळा.)

ही पदवी घ्यायला निघालेल्यांचं गणित एका नव्या कायद्याने बदललं आहे.

नेमकं काय बदललं?

अमेरिकी विद्यार्थ्यांना पदव्युत्तर शिक्षणासाठी सरकारकडून ‘ग्रॅड प्लस’ नावाचं कर्ज मिळायचं. फी आणि राहण्याचा खर्च मिळून जेवढी रक्कम होईल, तेवढं. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानुसार, १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी हे कर्ज बंद. एमएफएसारख्या पदवीला आता वर्षाला जास्तीत जास्त २०,५०० डॉलर सरकारी कर्ज मिळणार.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत लेखनाच्या एमएफएची नुसती फी वर्षाला ६० हजार डॉलरच्या वर आहे. म्हणजे दोन वर्षांचं सगळं सरकारी कर्ज एकत्र केलं, तरी एका वर्षाची फी भरत नाही.

पण भारतीयांना हे कर्ज मिळतच नव्हतं. मग त्यांना काय फरक पडतो?

पडतो. काही विद्यापीठं एमएफएच्या विद्यार्थ्यांची फी माफ करतात, वर दरमहा मानधन देतात. बदल्यात हे विद्यार्थी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंधलेखन शिकवतात, त्यांचे पेपर तपासतात. अशा जागा मोजक्याच असतात आणि पुण्या-नागपुरातून अर्ज करणाऱ्याचा सगळा भरवसा त्यांच्यावरच असतो. कर्ज आटल्यावर अमेरिकी मुलंही याच रांगेत येणार, हे उघड आहे.

नावाचा घोळ

आयोवा म्हटलं की १९३६ साली सुरू झालेलं ‘रायटर्स वर्कशॉप’ डोळ्यांसमोर येतं. तिथे कथा-कादंबरी आणि कविता शिकवतात. क्रिएटिव्ह नॉनफिक्शनसाठी त्याच विद्यापीठात ‘नॉनफिक्शन रायटिंग प्रोग्रॅम’ हा वेगळा, तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. आत्मकथन लिहायचं असेल आणि अर्ज वर्कशॉपला गेला, तर चूक महागात पडते.

दुसरा घोळ ‘लो-रेसिडेन्सी’चा. वर्षातून काही दिवस कॅम्पसवर, बाकी काम घरून. बाल्टिमोरजवळच्या गाउचर कॉलेजचा नॉनफिक्शनचा अभ्यासक्रम याच धर्तीचा. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या अमेरिकी माणसाला हे सोयीचं आहे, पण अशा अभ्यासक्रमांसाठी साधारणपणे विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. आणि व्हिसा नाही, तर पदवीनंतर तिथे काम करण्याची मुभाही नाही.

तशी ती मुभा पूर्णवेळ एमएफए करणाऱ्यालाही १२ महिन्यांचीच असते. इंजिनिअरिंगवाल्यांना मिळणारे जादा २४ महिने लेखकांना नाहीत. ‘कर्ज काढू, तिथे कमावून फेडू’ हा आयटीतल्या चुलतभावाचा हिशेब म्हणूनच इथे लागू होत नाही. घर तारण ठेवून ५०-६० लाखांचं कर्ज या पदवीसाठी काढणं धोक्याचं आहे, मग विद्यापीठ कितीही नावाजलेलं असो.

मानधनाचं पत्र आलं, तरी ते नीट वाचावं लागतं. पैसे नऊ महिन्यांचे की बाराही? आरोग्य विमा कोण भरणार? पहिल्या वर्षानंतरची हमी लेखी आहे का? हे प्रश्न विचारायला थोडी सवड मिळते. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी मिळून ठरवलं आहे, की आर्थिक मदतीच्या प्रस्तावावर १५ एप्रिलच्या आधी होकार द्यायला विद्यार्थ्याला भाग पाडायचं नाही.