खांद्याची गोळी किती दिवस?

वणी, पांढरकवडा, घाटंजीकडे प्रॅक्टिस करणाऱ्या कोणालाही ‘डॉक्टर, हात वर जात नाही’ ही तक्रार नवी नाही. त्यावर अॅसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉल लिहून देणेही नवे नाही. पाच दिवसांसाठी दिलेली तीच चिठ्ठी पुढे महिनोन्‌महिने मेडिकलच्या काउंटरवर चालते. आमचा आक्षेप त्याला आहे.

मुळात खांद्याची झीज गुडघ्याच्या मानाने बरीच कमी आढळते. दुखरा खांदा बहुधा गोठलेला असतो, स्नायुबंध फाटलेला असतो, नाहीतर दुखणे मानेतून उतरलेले असते. कोपर कुशीला टेकवून रुग्णाचा हात आपण बाहेर फिरवून पाहावा. तो अडला की एक्स-रे काढावा. सांध्यातली फट घटलेली दिसली तरच झीज म्हणावे. कोलाम, गोंड वस्त्यांतला तिशीचा रुग्ण असेल, तर आधी सिकलसेलची तपासणी. या आजारात रक्तपुरवठा तुटून ह्युमरसचे डोके ढासळते, आणि ‘वाताच्या’ म्हणून दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या अशा रुग्णाला थेट क्रायसिसमध्ये ढकलू शकतात.

झीज ठरलीच, तर पॅरासिटामॉलपासून सुरुवात करण्यात गैर काही नाही, फायदा बेताचाच होतो. वेदनाशामक लागलेच, तर कमीत कमी मात्रा, दुखणे उसळेल तेवढेच दिवस. साठीचा शेतकरी, टेल्मिसार्टन चालू, सोबत लघवी वाढवणारी गोळी, आणि मे महिन्यात दिवसभर शेतात: अशाला डायक्लोफिनॅक देणे म्हणजे मूत्रपिंडावर तिहेरी घाव. गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात म्हणून २००६ साली जनावरांसाठीचे डायक्लोफिनॅक बंद झाले; माणसाचे क्रिएटिनिन मात्र आपण क्वचितच पाहतो! गोळ्यांची संख्या अक्षरी लिहावी आणि खाली ‘पुन्हा देऊ नये’ असे मराठीत लिहावे. जेलचा पुरावा गुडघ्यासाठी आणि हातासाठी आहे. खोल बसलेल्या या सांध्यात त्याची फार आशा धरू नये.

सांध्यातले स्टेरॉइड काही आठवडे आराम देते. मधुमेह्याची साखर त्यानंतर काही दिवस चढते, हे त्याला आधीच सांगावे. हायलुरॉनिक आम्लाच्या महागड्या सुईचा खांद्याच्या झिजेत लाभ नाही, असे अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीने २०२० मध्ये स्पष्ट म्हटले आहे. कापूस विकून आलेले पैसे तिच्यात घालायला लावू नयेत. आणि सांधा बदलण्यासाठी नागपूरला पाठवायचे ठरले असेल, तर निदान तीन महिने आधीपासून खांद्यात स्टेरॉइड टोचू नये. जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.