जुन्या भिंतीचा रंग

पाऊस ओसरला, अंगणातील चिखल वाळला आणि भाताची कापणी आटोपली, म्हणजे आपल्या गावांतून घरे रंगविण्याचे विचार सुरू होतात. नाताळ जवळ येत असतो, आणि चार महिने पावसाने झोडपलेल्या भिंतींवर शेवाळाचे काळे ओघळ उमटलेले असतात. मग रात्रीच्या जेवणानंतर प्रश्न निघतो : यंदा बाहेरून कोणता रंग द्यावा? आईला नेहमीचा पिवळा हवा असतो, मुलाने शहरात कोठेतरी झगझगीत जांभळा पाहिलेला असतो, आणि वडील खर्चाचा हिशेब मनात मांडीत गप्प बसलेले असतात. प्रश्न दिसतो लहान. परंतु घर जुने असेल, तर त्याच्या उत्तरावर घराचे आयुष्य अवलंबून असते. म्हणून आज त्याविषयी चार शब्द लिहावे, असे आम्हांस वाटले.

डिचोली तालुक्यातील सुर्ला गावाचेच उदाहरण घेऊ. येथील माती लाल, चिरा लाल आणि कौलेही लाल. हा लोहखनिजाचा पट्टा. खाणी जोरात चालू होत्या तेव्हा खनिजाच्या धुळीने पांढऱ्या भिंती चार दिवसांत तांबूस होत. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे काही काळ चालल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा बंद झाल्या. अलीकडे काही ठिकाणी काम पुन्हा सुरू झाले आहे. धूळ कमीअधिक होईल. पाऊस मात्र चुकत नाही. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा ठिकाणी जुन्या लहान घराची भिंत काय सोसते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

जुनी भिंत चिऱ्याची, आणि तिचे दर्ज मातीचे किंवा चुन्याचे. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो व हवा लागली की टणक होतो; तथापि त्याच्या अंगातील छिद्रे तशीच राहतात. पावसाळ्यात अशी भिंत पाणी पिते, आणि ऊन पडले की ते वाफेच्या रूपाने बाहेर टाकते. चुन्याचा हात या ये-जा करणाऱ्या ओलाव्यास आडवा येत नाही. डब्यातून मिळणारा प्लॅस्टिकचा रंग मात्र भिंतीवर कातडे ओढल्यासारखा बसतो. एखाद्या फटीतून किंवा जोत्याखालून आत शिरलेले पाणी मग बाहेर पडू शकत नाही. दोनतीन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात आणि आतला गिलावा भुसभुशीत होतो. घरची मंडळी म्हणतात, “भिंत कुजली, आता पाडून सिमेंटचीच बांधू.” आजोबांनी उभारलेली निरोगी भिंत रंगाच्या दोषापायी अशी दोषी ठरते, आणि मोडक्या घराबरोबर कर्जही दारात येते. हे टळावे, एवढाच आमचा हेतू आहे.

तेव्हा पहिला निर्णय छटेचा नव्हे, जातीचा. जुन्या चिऱ्याच्या भिंतीला चुना द्यावा. पूर्वी प्लॅस्टिकचा रंग दिलेला असेल, तर तो पूर्ण खरवडल्यावाचून चुना धरणार नाही. भिंतीला सिमेंटचा गिलावा असेल, तर बाजारातील बाहेरचा रंग चालेल. परंतु कौले, पावळी आणि भेगा आधी दुरुस्त करून भिंत वाळू द्यावी. गळती रंगाने झाकली जाते, थांबत नाही.

आता छटा. पोर्तुगीज अमलात पांढरा रंग ख्रिस्तमंदिरे व कपेले यांसाठी राखलेला असे आणि घरांना इतर रंग देत, असे सांगितले जाते. पणजीच्या फोंताइन्यश भागातील निळी, पिवळी, तांबडी घरे पाहिली म्हणजे त्या परंपरेची आठवण होते. डिचोली महाल मात्र नव्या काबिजादींतला. तो पोर्तुगीजांकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. इकडच्या लहान घरांनी आपला रंग पायाखालच्या मातीतून घेतला. पेडण्यात मोरजीच्या मोरजाई मंदिरावर कावीची नक्षी आहे. पांढऱ्या चुन्याच्या थरावर तांबडी काव लावून, तो ओला असतानाच कोरून ती काढतात. माती आणि चुना, एवढ्या दोनच रंगांनी भिंत सुंदर होऊ शकते, याचा हा मोठा दाखला.

चुन्यात टिकणारे रंगही बहुतेक मातीचेच : पिवडी, काव, हिरमिजी. निळसर छटेसाठी थोडी नीळ चालते. सुर्ल्यासारख्या लाल मातीच्या गावी आमची सूचना अशी : भिंतीला पिवडीची फिकट छटा द्यावी; जोते व त्यावरील दोन हात भागास काव द्यावी, म्हणजे पागोळ्यांच्या पाण्याने उडालेला चिखल डोळ्यांत भरणार नाही; आणि खिडक्यांभोवती पांढरी पट्टी काढावी. तीनांहून अधिक रंग नकोत. घर लहान असेल, तर प्रत्येक भिंतीला निराळा रंग दिल्याने ते अधिकच लहान दिसते. गडद रंग चैत्र-वैशाखात ऊन ओढून घेतो. फिकट रंग ते परतवून लावतो. कौलांचा रंग तर बदलता येत नाही. म्हणून भिंतीनेच कौलांशी जमवून घ्यावे.

कागदावरील नमुन्यावर विसंबू नये. हातभर चौकोन पूर्वेच्या भिंतीवर व तेवढाच पश्चिमेच्या भिंतीवर रंगवावा, आणि तो सकाळी, दुपारी व दिवेलागणीला सर्वांनी पाहावा. ओला चुना गडद दिसतो व वाळल्यावर उजळतो; म्हणून मत दुसऱ्या दिवशी द्यावे. चुन्याच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक रंग घालू नये, नाहीतर तो हाताला व कपड्यांना लागतो. भिंत खराट्याने झाडून ओली करावी, आणि कुंच्याने तीन पातळ हात द्यावे. एक जाड हात दिल्यास तो तडकतो.

कळीचा चुना विरवताना तो पाण्यात घालावा, चुन्यावर पाणी ओतू नये. तो उकळून अंगावर उडतो आणि डोळा गेला तर परत येत नाही. मुलांना दूर ठेवावे व डोळ्यांवर चष्मा लावावा. दारे-खिडक्यांचा जुना तेलरंग कोरडा खरवडू नये, कारण जुन्या तेलरंगांत शिसे असण्याचा संभव असतो. १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्या देशात घरगुती रंगांत दशलक्ष भागांमागे ९० भागांहून अधिक शिसे ठेवण्यास मनाई आहे. पण त्याआधीचे थर अजून लाकडावर आहेत, आणि त्यांची धूळ रांगत्या मुलांच्या तोंडात जाते. ते ओले करून घासावेत व पापुद्रे वेचून टाकावेत.

चुना दरवर्षी किंवा वर्षाआड द्यावा लागतो, ही त्याची उणीव म्हणून सांगतात. आम्हांस तीच त्याची सोय वाटते. खर्च थोडा, काम घरच्या माणसांचे, आणि वर्षातून एकदा कोणीतरी प्रत्येक भिंतीजवळ जाऊन भेग, वाळवी व गळती पाहते. यंदाची छटा मनास आली नाही, तर पुढच्या नाताळापूर्वी ती बदलता येते. तेव्हा आईने एक वर्ष मुलाचे ऐकावे, मुलाने एक वर्ष आईचे. शेजारच्या दुमजली घराशी चढाओढ करण्यासाठी मात्र कोणी कर्ज काढू नये. वाचलेल्या पैशांतून पहिल्याने फुटकी कौले बदलावीत.