विश्लेषण : खान्देशच्या उन्हावर अर्ध्या जमिनीतले घर हा उतारा आहे का?

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे गेला, की मोबाइलवर अर्धे जमिनीत बांधलेल्या घरांचे व्हिडीओ फिरू लागतात. छतावर हिरवळ, उतारात दडलेल्या खोल्या आणि एसीची गरज नाही, असा दावा. इथे असे घर बांधावे का?

कल्पना खोटी नाही. तीन-चार मीटर खोलीवर जमिनीचे तापमान वर्षभर त्या भागाच्या सरासरीजवळ राहते. ऑस्ट्रेलियातील कूबर पेडी या ओपल रत्नांच्या खाणींच्या गावात अनेक जण म्हणूनच आजही टेकड्यांत कोरलेल्या घरांत राहतात. भर उन्हातून अजिंठ्याच्या लेण्यात शिरलेल्यालाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

पण अजिंठा बेसॉल्टच्या कड्यात आहे. तापीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जमिनीत उतरवलेल्या भिंतीला ती दरवर्षी बाजूने रेटणार. जाड काँक्रीट, ओल रोखणारा थर, निचऱ्याची सोय या खर्चात विजेची बचत बुडते. शिवाय २०२०च्या एकीकृत नियमावलीत तळघर साठवण, पार्किंग अशा वापरांसाठी आहे, राहण्यासाठी नाही.

मग कुठे जमेल?

सातपुड्याच्या पायथ्याशी किंवा धुळ्याजवळ लळिंगच्या बाजूला, मुरमाड उतारावर. मागची भिंत मातीत, पुढची बाजू उघडी, म्हणजे पाणी आणि कोंदट हवा दोन्ही बाहेर.

सपाटीवर मात्र घर मातीत नेण्यापेक्षा माती घरावर घ्यावी. खान्देशातील धाब्याची घरे हेच करत. लाकडी सरांवर फळ्या, त्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात वर बिबडे वाळत आणि खाली घर गार. दर पावसाळ्याआधी खारी माती टाकण्याचा व्याप नकोसा झाला आणि स्लॅब आला. तो दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खोलीत सोडतो. म्हातारी माणसे, लहान मुले यांचे हाल तेव्हा होतात.

तरीही जुने धाबे जसेच्या तसे परत आणणे धोक्याचे. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात जाड मातीची माळवदे आणि चिखलात रचलेल्या दगडी भिंती कोसळून हजारो लोक गाडले गेले. फूटभर ओल्या मातीचा भार चौरस फुटाला सुमारे ५० किलो भरतो. नव्या घरात तो आधीच हिशेबात धरून कॉलम-बीम घ्यावेत. जुन्या स्लॅबवर माती चढवूच नये. तिथे मार्चमध्ये चुन्याचे दोन पांढरे हात मारावेत. पत्र्याच्या खोलीलाही ते परवडतात.