माकडाचा डाव

बंदी घालणाऱ्या माणसांशी माझं भांडण जुनं आहे. त्याला कारण कॅरम. उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या वाड्यात कॅरमचा अड्डा पडे. मला बोटाने स्ट्रायकर कधी धड मारता आला नाही. अंगठ्याने मात्र असा बसायचा की राणी मुकाट्याने पॉकेटमध्ये जायची. जोवर मी हरत होतो, तोवर माझ्या अंगठ्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. ज्या दुपारी मी थोरल्या चुलतभावाला लागोपाठ दोन बोर्ड दिले, त्याच दुपारी त्याला एकाएकी आठवलं की अंगठा चालत नाही. मी विचारलं, ‘‘कुठे लिहिलंय?’’ तो म्हणाला, ‘‘सगळीकडेच.’’

त्यानंतर मी कॅरम सोडला. पण तो चुलतभाऊ परवा पावसाळ्यात मला कुसगावला पुन्हा भेटला. तो म्हणजे त्याचा नवा अवतार. वय वर्षं पंधरा, मुक्काम न्यू जर्सी, नात्याने आमच्या हिच्या भावाचा नातू.

मेहुण्यांनी निवृत्तीनंतर कुसगावात लहानसा बंगला बांधला. पूर्वी कुसगाव म्हटलं की लोक ‘लोणावळ्याजवळ, ते सिंहगडचं कॉलेज आहे तिथे ना?’ एवढंच विचारीत. द्रुतगती मार्गाची ‘मिसिंग लिंक’ खोपोलीहून निघून कुसगावला टेकायची ठरली, तेव्हापासून गावाचं नाव पेपरात येऊ लागलं. घाटाला वळसा नको, सरळ डोंगराच्या पोटातून जायचं आणि सहाएक किलोमीटर वाचवायचे, अशी ती कल्पना. याला कोणी रडीचा डाव म्हणत नाही, स्थापत्यशास्त्र म्हणतात. हे ध्यानात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

मावळातला पाऊस एकदा लागला की माणसाच्या वाट्याला खिडकी, चहा आणि नातेवाईक एवढंच उरतं. तिसऱ्या दिवशी पोरांनी माळ्यावरून एक खेळाचं यंत्र खाली काढलं. निन्टेंडो कंपनीचं ‘वी यू’. त्यांच्या बापाने 2014 च्या डिसेंबरात तिकडून आणलेलं आणि इथेच विसरलेलं. इकडच्या विजेवर चालावं म्हणून त्याला विटेएवढा ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो. आत एकच खेळ होता, सुपर स्मॅश ब्रदर्स.

हा खेळ मला जेवढा कळला तेवढा सांगतो. हवेत एक ओटा तरंगत असतो. त्यावर मिशीवाला प्लंबर, कोल्हा, राजकन्या, माकड अशी मंडळी एकमेकांना बडवतात. जो जितका मार खाईल तितके त्याचे टक्के वाढतात, आणि जितके टक्के जास्त तितका तो पुढच्या फटक्याला लांब उडतो. उडत उडत पडद्याबाहेर गेला की मेला. आमच्या वेळी टक्के वाढले की पेढे वाटत. असो. खेळाची मूळ मेख मात्र साधी आहे. मारावर ढाल भारी, ढालीवर पकड भारी आणि पकडीवर मार भारी.

घरची पोरं रोज नवा गडी घेत. बंगल्याची राखण करणाऱ्या मामांचा नातू, इयत्ता सातवी, एकच गडी घ्यायचा. डिडी काँग नावाचं लाल टोपीचं माकड. त्याला दुसरा गडी येतच नव्हता, कारण मेहुणे अधूनमधून ‘यंत्र चालतंय का बघ रे’ म्हणत, तेवढाच त्याचा सराव. त्या सरावात त्याने एकच डाव घोटला होता. समोरच्याची गचांडी धरायची, जमिनीवर आपटायचं, तो उसळला की पाठोपाठ उडी मारून डोक्यावरून लाथ हाणायची. पुन्हा खाली आला की पुन्हा तेच. पहिल्याच दुपारी त्याने न्यू जर्सीला ओळीने अकरा वेळा आस्मान दाखवलं.

आता या डावाला मोठा इतिहास आहे, असं मला नंतर कळलं. याचं नाव ‘हू-हा’. हू म्हणजे आपटणं, हा म्हणजे लाथ. 2015 च्या सुरुवातीला खुद्द न्यू जर्सीत ‘एपेक्स’ नावाची मोठी स्पर्धा झाली, तिथे पहिला आलेल्याच्या हाती हेच माकड होतं. जगभर बोंबाबोंब झाली. त्या एप्रिलात कंपनीने घरोघरच्या यंत्रांत इंटरनेटवरून दुरुस्ती पाठवली आणि माकडाच्या लाथेतला जोर उतरवला. पण कुसगावच्या यंत्राला इंटरनेट कधी जोडलंच नव्हतं. त्यामुळे साऱ्या जगातलं माकड मवाळ झालं, आमचं मात्र 2014 सालच्या तब्येतीत राहिलं. इथली हवाच चांगली.

‘‘आजोबा, कंपनीनेच तो डाव नर्फ केलाय. इट्स नॉट फेअर,’’ असं न्यू जर्सी मला म्हणाली. मेहुण्यांच्या मुलाने न्यायमूर्तींचा चेहरा केला आणि फ्रिजवर कागद चिकटवला: ‘हू-हा बंद.’ राखणदाराच्या नातवाने तो वाचला, कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि म्हणाला, ‘‘मंग मी जातो. आजा वाट बघत आसंल.’’ वाट कोणी बघत नव्हतं. तो ओसरीवर बसून पाऊस बघत राहिला.

इथे माझा अंगठा ठणकला.

मी न्यायमूर्तींना म्हटलं, बाबा रे, पकड आहे म्हणून हा खेळ आहे. तिचा धाक काढून घेतलास तर सगळे ढालीमागे गोगलगायीसारखे बसतील. आणि हा डाव टळतच नाही, असं कुठे आहे? पकड सहसा जमिनीवरच्याला लागते. उडी मारली की चुकते. पकडलं तरी आपटल्याक्षणी कांडी बाहेरच्या अंगाला ढकलली की आपण थोडे लांब उडतो आणि लाथ कधीकधी हुकते. ‘कधीकधी’ म्हणतोय, नेहमी नाही. पण तुझ्या पोरांनी अकरा सामन्यांत कांडी एकदा तरी ढकलली का? ती नुसती ओरडत होती.

‘‘आतोबा, मग काहीही चालेल म्हणता?’’ त्याने विचारलं.

नाही, मी तसं म्हणत नाही. याच खेळाच्या 2001 सालच्या आवृत्तीत बर्फात चढणारी एक जोडी आहे, पोपो आणि नाना. (यातली नाना ही गुलाबी कोट घातलेली मुलगी आहे, हे कळल्यावर आमच्या घरातल्या नानांनी तीन दिवस तो विषय काढू दिला नाही.) त्यातल्या एकाने धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने ठराविक तालावर टपल्या मारत राहायचं. एकदा तो ताल बसला की सापडलेल्याला काही म्हणजे काही करता येत नाही. कंट्रोलर ठेवून चहा करून आला तरी चालतं. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाला आणि 2019 नंतर अनेक मोठ्या स्पर्धांनी बंदी घातली. बरोबर घातली. ज्याला तोड नाही तो डाव नव्हे, ती कोठडी. 1981 साली ऑस्ट्रेलियाच्या चॅपेलने शेवटचा चेंडू सरपटी टाकला, तेव्हा षटकार मारायला फलंदाजाजवळ उपायच उरला नव्हता. तीही बंदी योग्य. पण आपण हरलो म्हणून डावाला तोड नाही, असा हिशोब मांडणारे लोक मला चालत नाहीत. आणि हा हिशोब नेहमी घरचाच माणूस मांडतो, बाहेरून आलेलं पोर कधी मांडत नाही. त्या पोराजवळ एकच डाव. तुमच्या पोराजवळ घरात दुसरं नवं यंत्र, पन्नास गडी आणि फ्रिजवर चिकटवायला बाप! मेहुण्यांच्या मुलाने यावर विषय बदलून ‘मिसिंग लिंक’ने किती वेळ वाचेल ते सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, म्हणजे डोंगराला बगल दिलेली चालते तर!

संध्याकाळी मी राखणदार मामांकडे गेलो. मामा तरुणपणी मावळातल्या जत्रांतून कुस्त्या धरीत. कान अजून त्याची साक्ष देतात. त्यांना सगळा तंटा सांगितला. यंत्र, माकड, अमेरिका यांतलं त्यांनी काही मनावर घेतलं नाही. ‘‘सायेब, डाव लागतोय तवर मारायचा. तोड काढनं हे त्याचं काम,’’ एवढंच म्हणाले. मग त्यांनी खाशाबा जाधवांची गोष्ट काढली. 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन आलेल्या खाशाबांचा ढाक हा डाव नावाजलेला. मानेला कव घालून समोरच्याला फेकायचं. ‘‘म्हाईत हुता समद्यांना. म्हाईत आसून पडायची.’’ मग उठून त्यांनी मला ढाक दाखवायची तयारी केली. मी माझा मणका पुढे करून नम्रपणे नकार दिला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः फ्रिजवरचा कागद काढला आणि जाहीर केलं, तोड आहे की नाही हे मीच दाखवतो. ही म्हणाली, ‘‘अहो, गुडघ्याचं बघा आधी.’’ पण खेळ बसून खेळायचा होता. न्यू जर्सीने मोठ्या मनाने मला रात्री तासभर शिकवणी दिली. विशेष म्हणजे मला शिकवता शिकवता कांडी ढकलायला तोही शिकला.

सामन्याला राखणदार मामाही येऊन उंबऱ्याशी बसले. माझा मिशीवाला प्लंबर, पोराचं माकड. पहिल्यांदा गचांडी धरली गेली, आपटला गेलो, मी जीव खाऊन कांडी ढकलली आणि लाथ हवेत गेली! खोलीत असा जल्लोष झाला की ही स्वयंपाकघरातून झारा घेऊन धावत आली. दुसऱ्यांदा तो धरायला आला, मी उडी मारली. पकड रिकामी. मी वळून न्यायमूर्तींकडे पाहिलं.

तेवढ्यात माकडाने काहीतरी पिवळं फेकलं. केळ्याची साल. माझा प्लंबर घसरून धाडकन आडवा झाला, आणि तो उठतो न उठतो तोच गचांडी, आपट, लाथ, आणि मी पडद्याबाहेर.

‘‘अरे, ही साल चालत नाही हं!’’ मी ओरडलो.

पोराने पडद्यावरची नजर न काढता विचारलं, ‘‘कुठं लिवलंय, आजोबा?’’