प्रबंध आहे, पण सापडत नाही

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना जानेवारी २०२५पासून सुरू झाली आणि सरकारी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना सुमारे तेरा हजार आंतरराष्ट्रीय नियतकालिके खुली झाली. केंद्राने त्यासाठी तीन वर्षांकरता ६,००० कोटी रुपये मंजूर केले आहेत. हा खर्च योग्यच आहे. तरी आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतली तक्रार काही हटलेली नाही. कातकरी, कोलाम, माडिया या आदिवासी जमातींवर मराठीत झालेले काम मिळत नाही, असे विद्यार्थी पुन्हा पुन्हा लिहितात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या नातेव्यवस्थेवरचा लेख त्यांना दोन मिनिटांत मिळतो, शेजारच्या तालुक्यातले क्षेत्रकार्य मिळत नाही.

हे काम झालेलेच नाही, असे मुळीच नाही. यूजीसीच्या २००९च्या नियमावलीपासून पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक आहे आणि ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर मराठी प्रबंध चढवलेही जातात. पण त्यांतले कित्येक श्रीलिपी, कृतीदेव असल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले असतात. पडद्यावर ‘कातकरी’ असे स्वच्छ दिसते, फाइलच्या पोटात मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हे भरलेली असतात. देवनागरीत ‘कातकरी’ टाइप करून शोधले की हा प्रबंध समोर येत नाही. काही ठिकाणी तर छापील पानांचे नुसते फोटो जोडलेले असतात. शीर्षक पुष्कळदा रोमन लिपीत नोंदवलेले, तेही कुठे काथोडी, कुठे काथकरी, कुठे कातकरी. सूचीत पर्यायी नावे देण्याची तसदी कोणी घेत नाही.

आमच्या एका सहकाऱ्याने एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात हा प्रश्न काढला. उत्तर मिळाले, ‘नियमात सॉफ्ट कॉपी द्या एवढेच आहे. ती शोधता आली पाहिजे असे कुठे लिहिले आहे?’ अर्ज करा, मग बघू, असेही सांगण्यात आले. अर्ज केला. तो अजून टेबलावरच आहे. माहिती जमा करून घ्यायची आणि ती कोणाच्या हाती लागते की नाही याची जबाबदारी कोणाचीच नाही, हा कारभार आता पुरे झाला.

याची किंमत अभ्यासाला मोजावी लागते. जाती-जमातींवरचे एन्थोव्हेनचे १९२० ते १९२२ मधले तीन खंड, रसेल आणि हिरालाल यांचे १९१६चे चार खंड, कॅम्पबेलचे मुंबई इलाख्याचे गॅझेटियर घरबसल्या मिळतात आणि शब्दागणिक धुंडाळता येतात. साहजिकच नवा संशोधक तिथून सुरुवात करतो आणि पुष्कळदा तिथेच थांबतो. प्रशासकीय सोयीसाठी केलेली वर्णने आजच्या पाड्यांवर चिकटवली जातात. इरावती कर्वे यांनी १९५१मध्ये ‘मराठी लोकांची संस्कृती’ लिहून मराठीत मानवशास्त्राची बैठक घातली. त्यानंतर वस्तीत महिनोन्महिने राहून केलेल्या नोंदी संदर्भयादीत येतच नाहीत, कारण त्या आहेत हेच कोणाला ठाऊक नसते.

दोष एकट्या ग्रंथालयांचा नाही. मार्गदर्शकांनो, विद्यार्थी जुन्या फाँटमध्ये प्रकरणे आणून देतो तेव्हा ती परत का करत नाही? आपल्या नावावर आठ-दहा प्रबंध असलेले प्राध्यापक स्वतःच्या क्षेत्रटिपणांच्या वह्या कपाटात कुलूपबंद ठेवतात, निवृत्त होतात आणि वह्या वाळवीच्या हवाली होतात. एम.ए.चे लघुप्रबंध तर ‘शोधगंगे’च्या कक्षेतच नाहीत. विभागाचे कपाट भरले की ते रद्दीत जातात, आणि कित्येक पाड्यांची एकमेव वंशावळ त्यांतच असते.

विद्यापीठे जागी होईपर्यंत थांबू नका. फाँट बदलणारी मोफत साधने उपलब्ध आहेत, स्कॅन केलेल्या पानांसाठी टेसरॅक्ट हे अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर मराठी वाचते. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे बिघडतात, म्हणून मुद्रितवाचन डोळ्यांत तेल घालून करा. पूर्ण प्रबंध जमत नसेल तर निदान शीर्षक, सारांश, गाव, तालुका, क्षेत्रकार्याचे वर्ष आणि जमातीची सगळी प्रचलित नावे युनिकोडमध्ये टाइप करून आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकापासून दर महिन्याला त्यांची सूची छापू. वह्या पाठवणाऱ्यांनी माहिती देणाऱ्यांची नावे आधी झाका. डाकीण ठरवल्याच्या नोंदी, घरातली भांडणे, जमिनीचे तंटे विश्वासाने सांगितलेले असतात. आणि एक प्रत त्या गावच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवा, तिथल्या मुलांना वाचता येईल अशा मराठीत.