फडावरची पोरं आणि पुलाखालची शाळा



हंगाम तोंडावर आला की या अंकात ऊसनोंदी, तोडणीचा कार्यक्रम, वाहतुकीचे करार आणि पहिल्या उचलीचा अंदाज छापून येतो. तो छापलाच पाहिजे, कारण सभासद आधी तेच पान उघडतो. या खेपेला मात्र आम्ही एक वेगळा विषय मांडतो आहोत. तो शाळेचा आहे. "याचा उसाशी काय संबंध?" असं कोणाला वाटलं, तर त्याने एवढा लेख शेवटपर्यंत वाचावा अन् मग आम्हाला बोल लावावा.

गेल्या माघात एका सभासदाच्या घरच्या कार्यासाठी आम्ही डोंबिवलीला गेलो होतो. आपल्या भागातली किती घरं ठाणे, कल्याण, डोंबिवलीला नांदतात ते सांगायला नको. कोणी कंपनीत, कोणी रेल्वेत, कोणी रिक्षा चालवतो. या घरची सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर. सकाळी कल्याणला गाडी बदलून कसारा लोकल पकडायची, टिटवाळा, खडवली, वासिंद मागे टाकत आसनगाव-आटगावकडे उतरायचं आणि पुढे मिळेल त्या जीपने पाडा गाठायचा. जाऊन-येऊन चार तास. कल्याण-डोंबिवलीत राहून शहापूर, मुरबाडला शिकवायला जाणारे असे गुरुजी आणि बाई पुष्कळ आहेत. मुरबाडवाल्यांना तर रेल्वेही नाही, एस.टी. हाच आधार.

रात्री जेवणं झाल्यावर सूनबाई सहज बोलून गेल्या, "काका, दिवाळी झाली की माझा वर्ग निम्मा होतो. भातकापणी आटपली की कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, पोरंही जातात. अन् भट्ट्या कुठं? कल्याण-भिवंडीच्या बाजूला. म्हणजे मी रोज दोन तास प्रवास करून पोरांच्या गावी जाते, आणि पोरं माझ्या घराजवळ येऊन विटा वाहतात."

हे ऐकून आम्हाला झोप लागली नाही. कारण शहापूरचं नाव काढून तिथं आपल्या तालुक्याचं नाव घातलं आणि वीटभट्टीच्या जागी फड म्हटलं, की ही आपलीच कथा होते.

ठाणे जिल्ह्याची जुनी वाट

"मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाकडे जावं" हा विचार ठाणे जिल्ह्याला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. हा भाग 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघर जिल्ह्यात आहे. आदिवासी पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहिल्यावर त्यांनी पोरांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच कुरणात नेली. ती कुरणशाळा. गुरं चरतात तिथंच पोरं शिकली.

पुढे नव्वदच्या दशकात विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद या संस्थेनं त्याच जिल्ह्यात वीटभट्ट्यांवर शाळा काढल्या. भट्टीवरच्या तात्पुरत्या खोपटाला तिकडं भोंगा म्हणतात, म्हणून त्या भोंगाशाळा. आपल्याकडं साखर कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या त्या याच जातीच्या.

आणि 15 जून 2016 रोजी ठाण्यात सिग्नल शाळा सुरू झाली. तीन हात नाक्याला द्रुतगती मार्गाचा उड्डाणपूल आहे. त्या पुलाखाली मालवाहू कंटेनरमध्ये वर्ग भरतो. ठाणे महानगरपालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी मिळून तो उभा केला. सिग्नलला गाडी थांबली की काचेवर टकटक करून गजरे, खेळणी विकणारी पोरं, तीच इथली विद्यार्थी. ही कुटुंबं बहुतेक पारधी समाजातली, मराठवाड्याच्या दुष्काळी मुलखातून आलेली. सभासद हो, हा मुलूख कोणता ते लक्षात घ्या. आपल्या फडावर येणाऱ्या टोळ्याही त्याच बाजूच्या. कोणी कोयता घेऊन आपल्याकडं आला, कोणी बिऱ्हाड घेऊन ठाण्याच्या पुलाखाली गेला.

यश कशात आहे

दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम तीन हात नाक्यावर उतरलो. डोक्यावरून गाड्यांचा एकसारखा घरघराट चालू होता, आपल्या मिलहाऊससारखा. अशा जागी शाळा चालते हेच मोठं. पण आम्हाला जे शिकण्यासारखं वाटलं ते कंटेनरमध्ये नाही, कामाच्या पद्धतीत आहे.

या शाळेनं पहिल्या दिवसापासून एक गोष्ट धरली. पोराला आधी आंघोळ, मग गणवेश, मग पोटात काहीतरी, आणि त्यानंतर पाटी. वर्गात आलेलं पोर उपाशी अन् पेंगुळलेलं असेल तर बाराखडी शिकवून उपयोग नाही. दुसरी गोष्ट, घरी पारधी बोलणाऱ्या पोराला मराठी ही परकीच भाषा, हे ओळखून तिथून सुरुवात केली. तिसरी अन् सर्वांत मोठी, या पोरांची जबाबदारी कोणाची हा प्रश्न उरू दिला नाही. पालिका आणि संस्था दोघांनी मिळून ती घेतली. 2019 साली इथली पहिली दोन मुलं दहावी पास झाली. दोन हा आकडा लहान वाटेल. पण ज्या घरात कोणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, तिथली दोन दहावी म्हणजे दोनशेच्या बरोबरीची आहेत, असं आम्ही मानतो.

अडचणीही तेवढ्याच

कौतुक करताना अडचणी झाकून ठेवू नयेत. सिग्नलवरचं पोर दिवसाला चार पैसे कमावतं. ते वर्गात बसलं की घरची तेवढी कमाई बुडते, आणि आईबापाला दहावीचा निकाल दहा वर्षांनी दिसणार असतो. कुटुंब एका जागी टिकत नाही. सणावाराला गावी जातं, कधी कोणी हुसकावून लावतं, आणि पोराच्या शिक्षणात खंड पडतो. शिवाय एका पुलाखाली काही डझन पोरं बसतील, ठाण्यापासून कल्याणपर्यंत नाके किती अन् पूल किती! एक चांगली शाळा निघाली म्हणून प्रश्न सुटला असं समजणं ही स्वतःची फसवणूक होईल.

हद्दीचा घोळ वेगळाच. 2015 साली कल्याणजवळची 27 गावं कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली, पण तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळा पुढे कित्येक वर्षं परिषदेकडेच राहिल्या. मोठ्या माणसांच्या गावांचं असं होतं, तर भट्टीवरच्या पोराचं काय? त्याचं नाव शहापूरच्या पटावर, ते स्वतः कल्याणच्या हद्दीत. शहापूरची शाळा म्हणते पोर इथं नाही, कल्याणची म्हणते ते आमचं नाही. कायदा मात्र स्वच्छ आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या पोराला वयाप्रमाणे वर्गात घ्यावं लागतं, आणि दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या पोरासाठी शिक्षण हमी कार्डही निघालं. पण कार्ड पोराच्या हातात देणारा आणि पुढच्या गावी ते पाहून पोराला वर्गात बसवणारा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे शिक्षक.

आणि शिक्षकाचं काय चाललंय? निवडणुकीची यादी त्याच्याकडं, सर्वेक्षण त्याच्याकडं, माहिती भरणं त्याच्याकडं. नव्यानं लागलेल्या प्राथमिक शिक्षण सेवकाला 2022 अखेरपर्यंत महिना 6,000 रुपये मानधन होतं. जानेवारी 2023 पासून ते 16,000 झालं. तीन वर्षं एवढ्यावर काढायची. आपल्याकडं ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर याहून कमी घेईल का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. सूनबाईंचं म्हणणं एवढंच होतं, "काका, पोरं कोणत्या भट्टीवर गेली एवढं कोणी सांगितलं तरी मी रविवारी जाऊन बघेन. पण सांगणारं कोणी नाही." त्यांनी पगारवाढ मागितली नाही, बदली मागितली नाही. फक्त माहिती मागितली. आम्हाला ते जास्त लागलं.

आता आपल्याकडे पाहू

सहकारी साखर कारखानदारी आणि शिक्षण यांचं नातं जुनं आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला 1950 साली पहिला सहकारी कारखाना उभा केला, आणि पुढे कारखान्यांभोवती शाळा, वसतिगृहं, महाविद्यालयं उभी राहिली. अनेक ठिकाणी सभासदांनी ऊसबिलातून कपात मान्य करून ती उभी केली. याचा आम्हाला अभिमान आहे. आपली पोरं इंजिनिअर झाली ती त्यामुळंच, आणि डोंबिवलीला स्थिरावली तीही त्यामुळंच.

पण ज्या उसाच्या पैशातून ही कॉलेजं उभी राहिली, तो ऊस तोडणाऱ्याचं पोर त्याच कॉलेजच्या कुंपणाबाहेर कोपीत लहान भावाला सांभाळत बसतं. दिवाळीनंतर गावची शाळा सुटते, मार्च-एप्रिलपर्यंत आपला हंगाम. म्हणजे दुसरं सत्र पूर्ण गेलं. दोन वर्षं असं झालं की पोर पटावर राहतं, पण वाचता येत नाही. तिसऱ्या वर्षी त्याच्या हातात वाढे बांधायचं काम येतं, आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी कोयता.

शिक्षण हक्क कायदा आल्यावर जुन्या पद्धतीच्या साखरशाळा मागे पडल्या. पोरांना जवळच्या नियमित शाळेत घालावं, नाहीतर गावीच हंगामी वसतिगृहात ठेवावं, असं धोरण आलं. 2021 साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही जाहीर झाली. ही धोरणं चुकीची आहेत असं आम्ही म्हणत नाही. गावी राहू शकणाऱ्या पोरानं गावीच राहावं, हे उत्तम. पण प्रत्येक पोराला मागं ठेवायला आजी-आजोबा नसतात. वयात येऊ लागलेल्या मुलीला मागं ठेवायला आईबाप धजत नाहीत. ती फडावर येतेच. आलेल्या पोराकडं पाहून "हे इथं असायला नको" असं म्हणणं सोपं आहे. ते आलंय, त्याचं आज काय करायचं, हे सांगा.

काही सभासद म्हणतील, टोळी मुकादमाची, उचल मुकादमाला दिलेली, पोरांचं कारखान्याला काय? हे म्हणणं कागदावर बरोबर आहे. पण भट्टीमालकही हेच म्हणतो, आणि सिग्नलवर काच वर करणाराही हेच म्हणतो. सहकार म्हणजे जबाबदारी दुसऱ्यावर ढकलायची नाही, वाटून घ्यायची, असंच आपण आजवर शिकलो ना?

आमच्या सूचना

येत्या वार्षिक सभेपुढे हा विषय यावा अशी आमची विनंती आहे. सूचना चारच आहेत आणि चारही आवाक्यातल्या आहेत.

पहिली, तोडणीचा करार करतानाच मुकादमाकडून टोळीबरोबर येणाऱ्या सहा ते चौदा वर्षांच्या पोरांची यादी घ्यावी. नाव, वय, गावची शाळा, इयत्ता. शेतकी खात्याकडं बैलगाडी, टायरगाडी, ट्रॅक्टर यांची नोंद असते, मग पोरांची का नसावी? ही यादी त्यांच्या गावच्या शाळेलाही कळवावी. सूनबाईंनी मागितलेली माहिती ती हीच.

दुसरी, तळ पडल्यापासून आठ दिवसांत पोरं जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दाखल व्हावीत, आणि तळ ते शाळा यासाठी कारखान्यानं वाहन द्यावं.

तिसरी, शाळा सुटल्यावर तळावर पोरांना सांभाळणारी आणि अभ्यास घेणारी माणसं नेमावीत. आपल्याच गावांतल्या शिकलेल्या मुली-मुलांना हे काम देता येईल. यामुळं आधीच वाकलेल्या शिक्षकावर नवा बोजा पडणार नाही, उलट त्याला हात मिळेल.

चौथी, हंगाम संपल्यावर पोर काय शिकलं याचा कागद त्याच्या हाती देऊनच टोळीची परतपाठवणी करावी. मुकादमाचा हिशेब जसा चुकता करतो तसाच हा.

खर्चाचं म्हणाल तर हिशेब सोपा आहे. हंगामात पाच लाख टन गाळप धरलं आणि टनामागं एक रुपया बाजूला काढला, तर पाच लाख रुपये होतात. महिना दहा हजारांवर चार माणसं सहा महिने ठेवली तर दोन लाख चाळीस हजार. उरलेल्यात वाहन, वह्या आणि दुपारनंतरचा खाऊ. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाच्या वाट्याला शंभर रुपये येतात. एवढ्यानं कोणाचं घर बुडत नाही.

यानं सगळी पोरं शिकतील असा आमचा दावा नाही. ठाण्याच्या पुलाखालीही सगळी शिकली नाहीत, कोसबाडच्या कुरणातही नसतील. पण त्या लोकांनी पोरांची नावं लिहून घेतली, त्यांना हाक मारली, आणि ती कुठं आहेत याची चौकशी ठेवली. बॉयलर पेटवायच्या दिवशी आपण पूजा करतो, मोळी टाकतो, पेढे वाटतो. त्याच दिवशी ही यादी सभासदांसमोर वाचून दाखवावी, एवढी सुरुवात तरी यंदा व्हावी.

सभासदांनी आपलं मत, अनुकूल असो की प्रतिकूल, आमच्याकडं लेखी कळवावं. पुढच्या अंकात ते जरूर छापू.